निरोप्या: घरच्या फोनांवर एक्सएमपीपी बसवल्याच्या नोंदी

शनिवार, १ जून २०२४

बाबांचं जुनं सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलं आणि नंबर दुसऱ्या कुणाला तरी गेला. नंबराला बांधलेलं चॅटचं खातंही त्याच्याबरोबर गेलं. आंब्याच्या पेट्यांचे हिशोब, बागेचे फोटो, काकांनी आजारपणात पाठवलेले ऑडिओ, सगळं. बॅकअप घेतला होता का विचारलं तर बाबा म्हणाले, "तो कुठे मिळतो?" त्या नंबरावर आता कुणीतरी बुलेटचा डीपी लावलाय.

त्यावरून हा उद्योग. घरातल्या सहा जणांपुरतं चॅट, पत्ता ईमेलसारखा, सिमशी काडीचा संबंध नाही. संगमेश्वरला आई-बाबा, म्युनिकला ताई आणि दाजी, सांगलीला मामेभाऊ सुऱ्या, पुण्यात मी. तिघांचे तीन कंपन्यांचे स्वस्तातले अँड्रॉइड, ताई-दाजींचे आयफोन.

प्रोटोकॉल, म्हणजे ॲप आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम, शोधायला लांब जावं लागलं नाही. जेरेमी मिलरने जानेवारी १९९९ मध्ये जॅबर नावाचं खुलं चॅट जाहीर केलं, २००४ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने त्याला एक्सएमपीपी म्हणून आरएफसी (त्यांचे नियमांचे कागद) ३९२० आणि ३९२१ मध्ये बसवलं, २०११ मध्ये तेच ६१२० आणि ६१२१ म्हणून सुधारून आलं. कॉलेजात बटणांच्या जावा फोनवर निंबझ हे ॲप टाकून जीटॉकवर, म्हणजे गूगल टॉकवर, रात्र रात्र गप्पा मारायचो, तेव्हा खाली हेच चालू होतं. गूगल टॉक २००५ मध्ये याच्यावर उभं राहिलं. व्हॉट्सॲपचा सर्व्हरसुद्धा सुरुवातीला ईजॅबर्डी हा एक्सएमपीपीचा तयार सर्व्हर घेऊनच घडवलेला. पुढे ज्याने त्याने आपापलं दार लावून घेतलं, प्रोटोकॉल मात्र अंगणात तसाच आहे.

प्रकल्पाचं नाव: निरोप्या. अट एकच, आईला मला फोन करून काही विचारावं लागता कामा नये.

रविवार, २ जून

कपाटात धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) काढला. त्यावर प्रोसोडी टाकला. हा लुआ भाषेत लिहिलेला हलका सर्व्हर, सहा माणसांना पुरून उरेल. घरच्या वायफायवर दोन खाती एकमेकांशी बोलली. राउटरमध्ये ५२२२ पोर्ट (एक्सएमपीपीचं दार) पुढे ढकलला, मोबाइल डेटावरून लावून बघितलं. शुकशुकाट.

दोन तास प्रोसोडीच्या सेटिंगमध्ये चूक शोधली. चूक तिथे नव्हतीच. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा सगळा पट्टा सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे अख्ख्या चाळीला मिळून एकच टपालपेटी आणि तिची किल्ली ब्रॉडबँडवाल्याकडे. आतून बाहेर पत्र टाकता येतं, बाहेरचा पोस्टमन आपल्या खोलीपर्यंत येत नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, स्टॅटिक आयपी हवा असेल तर बिझनेस प्लॅन घ्या सर.

पाय परत कपाटात.

शनिवार, ८ जून

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सगळ्यात लहान व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला. डेबियन १२ लिनक्स, प्रोसोडी ०.१२. डोमेन माझ्याकडे होतंच.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या वहीत, एसआरव्ही नोंदी टाकल्या, चॅटचा सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या. एक फोनांसाठी, एक दुसऱ्या सर्व्हरांसाठी. खाती मीच बनवणार, बाहेरच्यांना नोंदणी बंद. उघडी ठेवली की आठवड्याभरात स्पॅमवाले बिऱ्हाड थाटतात.

मग प्रमाणपत्राने (सर्व्हर खरा तोच आहे याची डिजिटल साक्ष) घोळ घातला. सर्व्हरचं यंत्र 'चॅट' या उपडोमेनवर, म्हणून प्रमाणपत्रही त्याच नावाचं काढलं. फोन जोडायला तयार नाही. एक्सएमपीपीमध्ये फोन यंत्राचं नाव बघतच नाही, पत्त्यात ॲटच्या पुढे जे डोमेन आहे त्याच्याच नावाचं प्रमाणपत्र मागतो. पत्रिकेवर नाव एकाचं आणि मांडवात उभा दुसराच, असं झालं होतं. संध्याकाळी सातला मूळ डोमेनचं नवं प्रमाणपत्र काढलं. प्रोसोडीला मूळ फोल्डर वाचायची परवानगी नसते, म्हणून त्याच्या इम्पोर्टच्या आज्ञेने त्याच्या फोल्डरात कॉपी केलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, पण सर्टबॉट हा प्रोग्राम आपोआप नवं काढत राहतो. तिकडे आता बघायला नको.

रविवार, ९ जून

माझ्या फोनवर एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपांच्या भांडारातून कॉन्व्हर्सेशन्स हे एक्सएमपीपीचं ॲप टाकलं. डॅनियल गुल्चने २०१४ मध्ये आणलेलं ॲप, आणि एक्सएमपीपी फोनवर वापरण्याजोगा झाला त्यात या एका माणसाचा वाटा मोठा आहे. मूळ प्रोटोकॉल टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेला: तार एकदा जोडली की जोडलेली. फोनची तार तासाला दहा वेळा तुटते. म्हणून मूळ आरएफसीवर एक्सईपी नावाच्या जोडण्या चढवत न्याव्या लागतात आणि त्या सर्व्हर आणि ॲप दोघांकडे असाव्या लागतात. मला लागलेल्या: ०१९८ (तुटलेलं सत्र पुन्हा जोडणं), ०२८० (एका फोनवरचं बोलणं दुसऱ्यावरही दिसणं), ०३१३ (सर्व्हरवरचा साठा), ०३६३ (फोटो चढवणं), ०३५२ (स्क्रीन बंद असताना 'अमुक टाइप करतोय' वगैरे बडबड थांबवणं). "एक्सएमपीपी चालतो" या वाक्याला एरवी अर्थ नाही. कुठल्या जोडण्यांसकट, ते विचारायचं.

कॉन्व्हर्सेशन्सवाल्यांचं तपासणीचं पान आहे, त्यावर सर्व्हर तपासला. तीन लाल खुणा होत्या, दुपारपर्यंत हिरव्या केल्या.

शनिवार, १५ जून, संगमेश्वर

पाऊस लागलाय. आई आणि बाबा दोघांच्या फोनवर ॲप टाकलं. नंबर नाही, ओटीपी नाही, हे बाबांना फारच संशयास्पद वाटलं. "मग मी मीच आहे हे त्याला कळणार कसं?" पासवर्ड सांगितला. तो त्यांनी गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिला, वर 'गुप्त' असं लिहून.

आईने पहिला मेसेज केला: "जेवायला ये". मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो.

मंगळवार, १८ जून

आईला सकाळी साडेअकराला विचारलं, औषध घेतलंस का. तिला मेसेज दिसला दीडला. बाबांना त्याच वेळी पाठवलेला लगेच पोचला. ॲप एकच, वायफाय एकच, घरही एकच.

शनिवार-रविवार, २२-२३ जून, संगमेश्वर

या दोन दिवसांत या प्रकल्पातलं खरं काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सर्व्हरची नोंदवही चाळली. आईचं सत्र सर्व्हरच्या लेखी जिवंत होतं. मेसेज तारेवर सोडला होता. पलीकडून पोच नव्हती. ०१९८ मध्ये पोचपावतीची सोय फार साधी आहे: सर्व्हर मध्येच 'आर' असा एका अक्षराचा तुकडा पाठवून विचारतो, किती आले? फोन 'ए' आणि एक आकडा परत पाठवतो, सतरा. सर्व्हरने अठरा पाठवलेले असतील तर अठरावा तो हातात धरून बसतो. तार तुटली तर प्रोसोडी ते सत्र डीफॉल्टनुसार दहा मिनिटं जपतो, फोन त्या वेळात परतला तर 'मी तोच, सतराच्या पुढून दे' म्हणतो आणि गाडी पुढे जाते. वेळ टळली तर साठ्यातून घ्यायचं. म्हणजे आईचा मेसेज हरवला नव्हता, दारात उभा होता. आत कुणी उठत नव्हतं.

मग आईच्या मागे मागे हिंडलो. सकाळची कामं आटपली की आई फोन फ्रिजवर ठेवते, उताणा, आणि दुपारपर्यंत त्याला हात लावत नाही. बाबांचा फोन सदऱ्याच्या खिशात, बागेत सतत हलता. उलगडा तिथेच झाला. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनात डोझ नावाची झोप आहे. स्क्रीन बंद, चार्जर नाही, आणि फोन जागचा हललेला नाही, या तिन्ही गोष्टी काही काळ जमल्या की ॲपांचं नेटवर्क बंद होतं. मग मध्ये मध्ये थोडा वेळ झडप उघडते, सगळी ॲपं साचलेलं घेतात, झडप बंद. दोन झडपांमधलं अंतर वाढत जातं. खिशात हलणाऱ्या फोनला ही गाढ झोप लागत नाही, अँड्रॉइड ७ पासूनची हलकी डुलकी लागते, तिच्यातून तो पटकन उठतो. आईचा फ्रिज म्हणजे डोझचं माहेर.

दुकानातली बाकीची चॅट ॲपं यातून कशी सुटतात? त्यांना गूगलची पुश यंत्रणा तातडीची हाक मारून उठवते. माझं एफ-ड्रॉइडमधलं कॉन्व्हर्सेशन्स त्या यंत्रणेशी जोडलेलं नाही. ते स्वतःची तार स्वतः धरून ठेवतं, म्हणून त्याला झोपेतून सूट हवी.

सूट द्यायची जागा सेटिंगमध्ये बॅटरीखाली आहे. ती दिली. खात्री करायला लॅपटॉपवरून एडीबी या साधनाने फोनला जबरदस्तीने डोझमध्ये ढकललं (तशी आज्ञा आहे, फ्रिजवर ठेवून दोन तास वाट बघायला नको) आणि मेसेज केला. तीन सेकंदांत टिंग. बायकोला फोन करून सांगितलं, जमलं. ती म्हणाली, मग आता पुण्याला या.

रविवारी दुपारी परत तेच. दीड तास उशीर.

कारण आईच्या फोनच्या कंपनीने अँड्रॉइडच्या झोपेवर स्वतःची वेगळी झोप चढवली आहे. तिची चावी तिसऱ्याच ठिकाणी, त्यांच्या 'सुरक्षा' नावाच्या ॲपमध्ये: ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरी सेव्हरमध्ये 'निर्बंध नाही' निवडा, आणि अलीकडच्या ॲपांच्या यादीत जाऊन त्या कार्डाला कुलूप लावा. तिन्ही केलं. बाबांच्या फोनची कंपनी वेगळी, तिथे यातली दोनच बटणं, नावं निराळी. सुऱ्याच्या फोनमध्ये काय आहे ते सांगलीला गेल्याशिवाय कळायचं नाही, कारण फोनवर सुऱ्याला काही समजावणं म्हणजे म्हशीपुढे पुराण.

शेवटी कॉन्व्हर्सेशन्समध्ये कायम दिसणारी सूचना चालू ठेवली. फोरग्राउंड सेवा म्हणतात तिला. वर पट्टीत एक बारीक चिन्ह सतत दिसतं, त्यामुळे फोन ॲपला सहसा मारत नाही. आईला ते चिन्ह खटकलं. "हे जात का नाही?" म्हटलं, ते गेलं की मला सांग.

रविवार, ३० जून

दोन कंपन्यांची सिमं, दोन तऱ्हा. एकावर तार तासनतास टिकते, दुसऱ्यावर काही मिनिटं गप्प राहिली की मधला नॅट (अनेक फोनांना एका पत्त्यामागे ठेवणारा) ती गुपचूप विसरतो. आरएफसी ५३८२ प्रमाणे जोडलेली टीसीपी तार नॅटने किमान २ तास ४ मिनिटं लक्षात ठेवायला हवी. वाचून हसू आलं. ॲप अधूनमधून पिंग करतं म्हणून काम निभावतं.

ऑफिसच्या वायफायवर ५२२२ अडवलेला निघाला. ०३६८ ही जोडणी कामाला आली: थेट टीएलएस (कुलूपबंद जोडणी), वेबसाइटांच्या ४४३ पोर्टवर, डीएनएसमध्ये आणखी एक एसआरव्ही नोंद. ४४३ वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला, तो पहिल्या हँडशेकमधलं एएलपीएन (कुठला प्रोटोकॉल हवा याची चिठ्ठी) बघून ठरवतो, वेबसाइटचा पाहुणा का चॅटचा. नुसता पोर्ट बघणाऱ्या ऑफिसच्या फायरवॉलला दोघेही सारखेच दिसतात.

शनिवार, ६ जुलै

ताई. आयफोनवर मोनल हे एक्सएमपीपीचं ॲप टाकलं. इथे गणित उलटं आहे: ॲपल कुणालाच पाठीमागे तार धरून बसू देत नाही, सूट मागायची सोयच नाही. म्हणून ०३५७ (पुशने फोन उठवणं) हवं. ताईचा फोन झोपला की माझा सर्व्हर मोनलच्या पुश सर्व्हरला टोकतो, तो ॲपलला, ॲपल फोनला. त्या टोकण्यात मजकूर काही नसतो, नुसतं "ऊठ". मोनल उठतं, त्याला साधारण ३० सेकंद मिळतात, तेवढ्यात माझ्या सर्व्हरला जोडून मेसेज आणतं, कुलूप उघडतं, पडद्यावर दाखवतं. यासाठी प्रोसोडी ०.१२ मध्ये क्लाउड नोटिफाय हे मॉड्यूल वेगळं बसवावं लागलं.

बसवलं आणि पहिल्या फटक्यात चाललं. अँड्रॉइडच्या तीन फोनांवर दोन आठवडे गेले आणि ज्या कंपनीला बंदिस्त म्हणून शिव्या घालतो तिच्या फोनवर अर्धा तास. मला हे आवडलेलं नाही, पण नोंद आहे म्हणून लिहितो.

शनिवार, १३ जुलै

ग्रुप केला. नाव 'दऱ्याखोऱ्या'. ओमेमोचं कुलूप (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येऊ नये म्हणून) ग्रुपमध्ये लागायचं तर ग्रुप फक्त सभासदांचा आणि सगळ्यांचे खरे पत्ते एकमेकांना दिसणारा असावा लागतो, कारण कुलूप प्रत्येकाच्या प्रत्येक फोनासाठी वेगळं लावायचं असतं. तसं केलं.

दहा मिनिटांत सुऱ्याचा मेसेज: "माझं नाव सुर्या का केलंस? सूर्यवंशी वाटतो मी."

बघितलं तर खरंच. त्याने टोपणनाव 'सुऱ्या' असंच टाकलं होतं, ग्रुपमध्ये दिसत होतं 'सुर्या'. मजा म्हणजे मेसेजच्या मजकुरात तोच शब्द त्याच कीबोर्डवरून बरोबर उमटत होता. ग्रुपच्या नावातले 'दऱ्याखोऱ्या' पण बरोबर.

आता हे अख्ख्या जगात कुणाला पडणार नाही असं कोडं, पण आपल्याला पडतंच. मराठीतला हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर, मग य. डोळ्यांना दोन्ही एकच. सुऱ्याचा कीबोर्ड दुसरी तऱ्हा टाकतो. आणि एक्सएमपीपीमध्ये ग्रुपमधलं टोपणनाव हा पत्त्याचाच भाग धरतात, स्लॅशच्या पुढचा. पत्त्याचे सगळे भाग जुन्या नियमाप्रमाणे स्ट्रिंगप्रेप नावाच्या गाळणीतून गाळले जातात, आणि आरएफसी ३४५४ च्या ज्या तक्त्यात 'हे काढून टाका' म्हणून अक्षरं दिली आहेत त्यात हा जॉइनर आहे. तो गळला की उरतं र, हलन्त, य. म्हणजे र्य. सुर्या. मजकूर आणि ग्रुपचं नाव हे पत्ते नव्हेत, त्यांना कुणी गाळत नाही.

नव्या नियमात, आरएफसी ७६२२ मध्ये, हलन्तानंतर आलेला जॉइनर चालतो. २०१५ चा नियम. प्रोसोडी अजून जुन्या गाळणीवर आहे. दोष कुणाचा म्हणणार, ज्यांनी तक्ता केला त्यांना अदृश्य अक्षर म्हणजे कचरा वाटला असणार. आपल्याकडे त्याच्यावर 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक उभा आहे. जेवणाचे पैसे कुणाला द्यायचे ते त्यावर ठरतं.

तात्पुरता उपाय: मी ऱ वापरून नाव लिहून त्याला मेसेजात पाठवलं, त्याने तिथून उचलून चिकटवलं. तो ऱ गाळणीतून सहीसलामत गेला. सुऱ्या परत सुऱ्या झाला.

बुधवार, १७ जुलै, आषाढी

बाबांनी गावातल्या दिंडीचा व्हिडिओ पाठवायला घेतला, जाईना. प्रोसोडीची फाइलमर्यादा डीफॉल्टला १० एमबी. ती ५० केली, एनजिनएक्समध्येही वेगळी वाढवावी लागली.

शनिवार, ३ ऑगस्ट

ताई बारा दिवस फोन बंद ठेवून डोंगरात फिरून आली. ग्रुप उघडला तर पहिल्या पाच दिवसांचं काहीच नाही. त्यातच आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. ताई चिडली आणि बरोबरच चिडली. ग्रुपचा साठा प्रोसोडी न सांगता एका आठवड्याने पुसतो. एक वर्ष केला. हे आकडे पहिल्याच दिवशी बघायला हवे होते, मी लाल-हिरव्या खुणा मोजत बसलो.

शनिवार, १० ऑगस्ट

आईचा फोन अडकला, दुकानदाराने रिसेट मारून दिला. ॲप परत टाकलं, खातं उघडलं, जुने मेसेज रिकाम्या डब्यासारखे. ते सर्व्हरवर आहेत, पण ओमेमोने जुन्या फोनाच्या किल्लीने बंद केलेले, आणि किल्ली रिसेटमध्ये गेली. माझ्या हातात सर्व्हर असून मला ते उघडता येत नाहीत. कुलूप चांगलं आहे याचाच तो पुरावा, पण हे आईला कोण सांगणार. "तुझ्या बाबांचं गेलं तेव्हा तू केवढा बोललास त्यांना," एवढंच म्हणाली.

ॲपमध्ये बॅकअपची सोय आहे, किल्ल्यांसकट फाइल निघते. सगळ्या अँड्रॉइडांवर आज चालू केली. आज.

रविवार, २५ ऑगस्ट

गणपतीला ताईला आरती दाखवायची आहे म्हणून कॉल. एका वायफायवर लागतो, मोबाइल डेटा ते म्युनिक वाजतो पण आवाज-चित्र काही नाही. दोन्ही बाजू नॅटच्या मागे, थेट भेट होत नाही, मध्ये टर्न सर्व्हर (आवाज-चित्र इकडून तिकडे पोचवणारा) हवा. कोटर्न नावाचा बसवला, प्रोसोडीला त्याचं गुपित दिलं, फोनांना पत्ता ०२१५ या जोडणीतून आपोआप मिळतो. तरी मुकंच. ३४७८ पोर्ट उघडला होता, पण चित्र ज्या ४९१५२ ते ६५५३५ मधल्या यूडीपी पोर्टांवरून जातं ते फायरवॉलमध्ये बंद. उघडले. ताई दिसली, पहिल्यांदा बोलली ती आईशीच: "किती बारीक झालीस."

शुक्रवार, ६ सप्टेंबर

स्वारगेटहून दुपारी एकची एसटी. खंबाटकीला दीड तास. गाडीत उभे राहायला जागा नाही, माझ्या मांडीवर कुणाचा तरी मखराचा थर्माकोल.

साडेसहाच्या सुमारास सुऱ्याचा साधा एसएमएस: "तुझं ॲप मेलं." पाठोपाठ बाबांचा फोन. मग ताईचा ईमेल. माझ्या फोनवर मात्र सगळं ठीक दिसत होतं. पाच मिनिटांनी रेंज गेली, परत आली, आणि माझंही जोडेना. आईने फोन केला: "काहीतरी प्रमाणपत्र ओळखीचं नाही, स्वीकारायचं का, असं विचारतंय. मी काही दाबलेलं नाही. असलं आलं की दाबायचं नाही असं तूच सांगितलंस."

८ जून. ९० दिवस. बोटांवर मोजलं, आज.

सर्टबॉटने आपलं काम चोख केलं होतं, ऑगस्टच्या सात तारखेलाच नवं प्रमाणपत्र काढून ठेवलं होतं. पण प्रोसोडी वापरत होता मी जूनमध्ये हाताने केलेली कॉपी. नवं त्याच्या फोल्डरात नेऊन ठेवायला कुणाला सांगितलंच नव्हतं. जोडलेली तार मुदत संपली म्हणून तुटत नाही, नवी जोडताना तपासणी होते. म्हणून एकेक फोन जसजसा तुटला तसतसा बाहेर पडला.

पाटणला गाडी थांबली तेव्हा सव्वासात. पुढे कुंभार्लीच्या घाटात रेंज नाही. वडापावच्या गाडीशेजारी उभं राहून फोनवर टर्मक्स (आज्ञा टाइप करायचं ॲप) उघडलं, सर्व्हरवर शिरलो. पाऊस भुरभुरत होता, ओल्या पडद्यावर बोटं भलतीच अक्षरं उठवत होती, इम्पोर्टची आज्ञा तिसऱ्यांदा बरोबर टाइप झाली. कंडक्टरने दोनदा बेल मारली. पायरीवर पाय ठेवला तेव्हा खिशात टिंग. आईचा मेसेज, सहा वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेला: "नारळ आणलास का".

शनिवार, ७ सप्टेंबर, संगमेश्वर

आईचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. कॉन्व्हर्सेशन्समध्ये कॉल दोघांतच होतो, म्हणून ताईला आईच्या फोनवरून आणि सुऱ्याला माझ्या फोनवरून. ताई साडेतीन तास मागे, अंघोळ करून बसली होती. टाळांच्या आवाजाला आवाज शुद्ध करणारी यंत्रणा गोंगाट समजते आणि दाबून टाकते, त्यामुळे तिला आरती ऐकू आली पण टाळ नाहीत. ती तिकडे स्वतः टाळ्या वाजवत होती.

रविवार, ८ सप्टेंबर

सर्टबॉटला डिप्लॉय हुक लिहिला: नवं प्रमाणपत्र निघालं की इम्पोर्ट आणि प्रोसोडीला रीलोड. कोरड्या चाचणीत हुक चालतच नाही, म्हणून खोटं नूतनीकरण करून तपासला. चालला.

बाबांचा त्याच्यावर विश्वास नाही. आत्ताचं प्रमाणपत्र ५ नोव्हेंबरपर्यंत आहे म्हटल्यावर त्यांनी कालनिर्णय उलटून भाऊबीजेनंतर दोन घरं मोजली आणि दुधाच्या हिशोबाखाली लिहिलं: "निरोप्या, सर्टि. बघणे".